यंत्रास हात कोणी शिकवावा?

घरांतील वडील माणसास अर्धांगवायूचा झटका आला म्हणजे पहिले आठ दिवस साऱ्या घराचें लक्ष एकाच प्रश्नाकडे लागलेलें असतें; माणूस वांचतें कीं नाहीं! पुढें जीव वांचल्याची खात्री होते, इस्पितळांतून घरीं आणतात, समाचारास येणाऱ्यांची रीघ ओसरते, आणि मग जो दुसरा प्रश्न उभा राहतो तो पहिल्याइतका भयंकर दिसत नसला तरी वर्षानुवर्षें पुरतो. लुळा पडलेला हात पुन्हां कामास लागेल काय, आणि लागावयाचा असेल तर तो कोणी, किती वेळ आणि कोणत्या रीतीनें हालवून घ्यावयाचा? एकत्र कुटुंबांत माणसांची वाण नसते. आरंभीं सून व्यायाम करवून घेते, नातू करवून घेतो, पुतण्या करवून घेतो. महिना लोटला म्हणजे नातवाची परीक्षा जवळ येते, सुनेच्या मागें स्वयंपाक असतो, आणि "आज राहूं द्या, बाबा दमले आहेत" हें वाक्य घरांत रूढ होऊन बसतें. बाबाहि दमलेले असतातच.

हा हात हालवून घेण्याचें शास्त्र जाणणारीं माणसें म्हणजे फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आपल्याकडे अजूनहि पुष्कळ सुशिक्षित घरांतून त्यांस 'मालिशवाले' समजतात, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें. पहिल्याचें काम सांधे, स्नायु आणि चाल यांचें; दुसऱ्याचें काम त्या सांध्यांनीं पुन्हां आंघोळ, जेवण, बटण, लेखणी, भाकरी हे व्यवहार कसे साधावे हें पाहण्याचें. दोघांचीहि खरी विद्या हात चोळण्यांत नसून नजरेंत आहे. रोग्यानें हात वर केला एवढेंच तुम्हांआम्हांस दिसतें. तो कशाच्या बळावर वर केला हें त्यांस दिसतें.

मेंदूचा जो भाग रक्ताअभावीं मेला तो पुन्हां जिवंत होत नाहीं. परंतु त्याच्या शेजारचे भाग तें काम थोडेंफार शिकूं शकतात, आणि शिकण्याची त्यांची रीत आपल्या वेदपाठशाळेंतल्यासारखीच आहे. पद, क्रम, जटा, घन असा तोच मंत्र उलटसुलट म्हणत राहिल्यावांचून तो विद्यार्थ्याच्या मुखांत बसत नाहीं. त्याचप्रमाणें पेला उचलण्याची तीच क्रिया शेंकडों वेळां झाल्यावांचून मेंदूंत तिची वाट पडत नाहीं. अडचण नेमकी येथें आहे. अमेरिकेंतील कॅथरीन लँग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उपचारगृहांत बसून प्रत्यक्ष मोजदाद केली व ती २००९ सालीं प्रसिद्ध केली. एका बैठकींत दुखावलेल्या हाताकडून कामाच्या अशा हालचाली सरासरी किती होतात, तर ३२! प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूंत फरक दिसण्यास दर दिवशीं शेंकडों आवृत्त्या कराव्या लागल्या होत्या. संपन्न देशांतील सुसज्ज उपचारगृहांची ही कथा. मग यावल, रावेर, शिरपूर, साक्री या भागांतील खेड्यांत, जेथें थेरपिस्ट आठवड्यांतून एकदां भेटला तरी नशीब म्हणावयाचें, तेथें काय होत असेल, याचा हिशेब वाचकांनींच करावा. जळगांवास २०१८ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें, धुळ्यास तें त्यापूर्वींपासून आहे. पण महाविद्यालय जिल्ह्याच्या गांवीं आणि लुळा हात शेतावरच्या घरीं, हें अंतर इमारतींनीं तुटत नाहीं.

हें अंतर यंत्रानें तोडावें, असा विचार गेल्या वीस वर्षांत बळावला आहे. आजवर यंत्राशीं बोलावयाचें म्हणजे कळा दाबावयाच्या. ज्याचीं बोटें वळत नाहींत त्याला कळ दाबावयास सांगणें हा विनोदच होय. म्हणून जें यंत्र माणसाची हालचाल, हावभाव किंवा आवाज यांवरूनच त्याचें मनोगत ओळखतें, ज्याला इंग्रजींत नॅचरल यूजर इंटरफेस म्हणतात आणि आम्ही येथें सहज-संवादी यंत्र म्हणूं, तें या कामास योग्य असें पुष्कळांस वाटलें. मूळ यंत्रें मात्र उपचारासाठीं निघालींच नव्हतीं. तीं पोरांच्या खेळांसाठीं निघालीं. २००६ सालीं जपानच्या निंटेंडो कंपनीनें 'वी' नांवाचा खेळ काढला. त्यांत हातांतली कांडी फिरविली कीं पडद्यावर बॅट फिरे. २०१० च्या नोव्हेंबरांत मायक्रोसॉफ्टनें 'किनेक्ट' काढलें. त्यांत कांडीहि नको. डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या ठिपक्यांची जाळी तें समोरच्या माणसावर टाकी, आणि ती जाळी कोठें कशी वांकली यावरून शरीराचे २० सांधे ताडी. पहिल्या साठ दिवसांत असे ऐंशी लाख संच खपले. खेळणें स्वस्त, अंगास कांहीं बांधावयाचें नाहीं, आणि सांध्यांचे कोन आपोआप मोजले जातात. हें पाहतांच जगभरच्या उपचारगृहांतून त्यावर उड्या पडल्या.

पुढें काय झालें हें सांगितलें पाहिजे, कारण जाहिरातींत तें येत नाहीं. कॅनडाच्या गुस्ताव्हो सापोस्निक यांनीं चार देशांतील १४१ रोग्यांवर एक मोठी परीक्षा केली व तिचा निष्कर्ष २०१६ सालीं 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या मासिकांत आला. झटका येऊन तीन महिने न झालेल्या रोग्यांचे दोन गट केले. नेहमींचे उपचार दोघांसहि चालूच होते. त्यांवर एका गटास 'वी' यंत्रावर खेळविलें, तर दुसऱ्या गटास पत्ते, डॉमिनो, लांकडी ठोकळ्यांचा मनोरा असले साधे खेळ तितकाच वेळ खेळविले. दोन्ही गटांचे हात सुधारले, आणि दोहोंच्या सुधारणेंत फरक निघाला नाहीं! आमच्या खानदेशांत दुपारीं ओसरीवर पत्ते कुटणाऱ्या आजोबांस हें वाचून किती आनंद होईल! थट्टा राहूं द्या. परंतु यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाहीं. ठरतें तें इतकेंच, कीं यंत्रांत जादू नाहीं. गुण आवृत्तीचा आहे. नेहमींच्या उपचारांस जोडून, एकूण अभ्यासाचा वेळ वाढविण्यास यंत्र वापरलें तर त्याचा उपयोग होऊं शकतो, असें अशा अनेक परीक्षांचा एकत्र धांडोळा घेणाऱ्या पंडितांनीं २०१७ सालीं नमूद केलें आहे. मग प्रश्न राहिला तो असा, कीं रोग्यास कंटाळा येऊं न देतां योग्य आवृत्ति करवून घेणारें यंत्र बनवावयाचें कसें. आणि 'योग्य' म्हणजे काय हें त्यास शिकवावयाचें कोणी?

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यास संगणकाच्या धंद्यांत आहे. त्यानें असा एक खेळ हौसेनें रचला. झाडावरून फळें पडतात, रोग्यानें हात उंचावून तीं झेलावयाचीं, झेललें कीं घंटा वाजते, हुकलें कीं भोंगा वाजतो. किनेक्टची गरज आतां उरलेली नाहीं. गूगलनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका युक्तीनें साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून शरीरावरचीं ३३ स्थानें ओळखतां येतात, तीच त्यानें घेतली होती. सुटींत जळगांवीं आला असतां तो खेळ घेऊन तो एका फिजिओथेरपिस्ट बाईंच्या उपचारगृहांत गेला आणि आम्हांसहि बरोबर घेऊन गेला. दोन दुपारी आम्ही तेथें कोपऱ्यांतल्या बांकावर बसून काढल्या. त्या दोन दुपारींत आम्हांस जें कळलें तें शंभर पुस्तकांत कळलें नसतें.

पहिल्या दुपारीं एका म्हाताऱ्या आजींस खुर्चीवर बसवून खेळ सुरू केला. आजींनीं एकामागून एक सात फळें झेललीं. घंटा खणखणली, आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा खुलला. बाईंचा चेहरा मात्र उतरत गेला. "ह्यांचा हात वर गेलाच नाहीं," त्या म्हणाल्या. "त्या कमरेंतून मागें कलल्या आणि खांदा कानाकडे ओढून घेतला. तुमचें यंत्र त्यांना चुकीची संवय लावतें आहे, आणि वर शाबासकी देतें आहे." आम्ही पुन्हां पाहिलें, आणि खरोखर तसेंच होतें! शाळेंत पुढच्याची पाटी पाहून गणित सोडविणाऱ्या पोरासारखें तें शरीर उत्तर बरोबर आणीत होतें व शिकत कांहींच नव्हतें. झटक्यानंतर खांदा उचलूं गेलें कीं कोपर आपोआप वांकतें, बोटें मुठींत वळतात आणि धड मदतीस धांवतें. हा हात ज्या दुष्ट जुटींत सांपडलेला असतो तींतून त्यास सोडविणें हेंच उपचाराचें मर्म. यंत्र रचणाऱ्यास फळ झेललें कीं नाहीं एवढेंच मोजावेसें वाटलें. बाईंस तें फळ नकोच होतें. त्यांना धड सरळ राहिलें कीं नाहीं तें मोजून हवें होतें.

मग त्यांनीं एकेक दोष दाखविण्यास प्रारंभ केला, आणि आमचा विद्यार्थी वही काढून बसला. फळ डोक्यावर टांगलेलें होतें. परंतु अर्धांगवायूच्या हाताचा खांदा स्नायूंच्या आधाराअभावीं खोबणींतून सैल झालेला असतो, त्याला जबरीनें डोक्यावर नेला तर कायमची कळ मागें लागते. (याच कारणास्तव अशा रोग्यास त्या लुळ्या हातास धरून ओढून उठवूं नये, हें बाईंनीं आम्हांस बजावून सांगितलें, आणि आपल्या घरांतून सर्वजण नेमकें तेंच करतात.) भोंगा नको. सत्तर वर्षें घर चालविलेल्या बाईस नातवंडांदेखत यंत्रानें भोंगा वाजवून नापास करावें, हा अपमान आहे, आणि अपमान झालेलें माणूस उद्यां "माझें डोकें दुखतें" म्हणून खेळावयास बसत नाहीं. पदर कोपरावरून आला कीं यंत्राचा अंदाज चुकतो, कारण कॅमेऱ्यास सांधा दिसत नाहीं, त्याला तो कपड्यावरून ताडावा लागतो. आजींचा हात बाईंनीं आपल्या हातानें सावरला कीं कोणता हात कोणाचा याचा यंत्रास उलगडा होत नाहीं. आणि थेरपिस्टनें हात सावरावयाचा नाहीं, तर तिनें तेथें करावयाचें काय? हात सरळ समोर, कॅमेऱ्याच्या दिशेनें नेला, तर तो किती पुढें आला हें एका डोळ्याच्या कॅमेऱ्यास नीट समजत नाहीं. आणि ताटाकडे हात नेणें म्हणजे नेमकी तीच हालचाल.

हे दोष ऐकून आम्हांस युरोपांतील एक गोष्ट आठवली. १९८१ सालीं स्वीडन व डेन्मार्क येथील छापखान्यांत संगणक येऊं घातले, तेव्हां तेथील कामगारसंघानें असा आग्रह धरला कीं यंत्र आमच्यासाठीं बनवावयाचें तर आम्हांस विचारून बनवा. कामगारांस संगणक समजेना आणि पंडितांस छापखाना समजेना. शेवटीं त्यांनीं पुठ्ठ्यांचीं व लांकडी फळ्यांचीं खोटीं यंत्रें मांडलीं. एका रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'लेसर छपाईयंत्र' असें लिहून तें मेजावर ठेवलें, आणि कामगार त्याच्यापुढें उभे राहून खरें काम केल्यासारखें करूं लागले. मग तंटे आपोआप समजले : हात येथें पोंचत नाहीं, कागद तेथें दिसत नाहीं. 'युटोपिया' असें त्या उपक्रमाचें नांव होतें. जो राबतो त्यानेंच हत्याराच्या घडणींत भाग घ्यावा, हें तत्त्व तेव्हांपासून यंत्ररचनेच्या शास्त्रांत एक शाखा होऊन बसलें आहे. आपल्या सुतार-लोहारांस तें पूर्वींपासून ठाऊक होतें. शेतकरी विळ्याची मूठ हातांत घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देत नसे.

आपल्याच देशांतला दाखला हवा असेल तर जयपूरचा पाय आहे. ऋग्वेदांत विश्पलेस अश्विनीकुमारांनीं लोखंडी जंघा बसविल्याची कथा येते; तो पाय बसल्यावर ती उकिडवी बसूं शकली कीं नाहीं, हें सूक्तकर्त्यानें सांगितलें नाहीं. विलायती कृत्रिम पायाचें नेमकें तेंच दुखणें होतें. तो बुटांत घालावयाचा, खुर्चीवर बसावयाचा, फरशीवर चालावयाचा. आपला शेतकरी अनवाणी चिखलांत चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नांवाचे कसबी कारागीर यांनीं १९६८ च्या सुमारास रबर व लांकूड यांचा जो पाय घडविला, त्यांत हें सारें साधलें. डॉक्टरांचें शरीरशास्त्र आणि शर्मांचा हात, दोन्ही एकत्र आलीं म्हणून तें झालें. १९८१ चें मॅगसेसे पारितोषिक मिळालें तें मात्र डॉक्टरांस. जगाची रीत अशी आहे.

आणि महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर एका बाईंचें नांव घेतल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. एलिझाबेथ लंडी ही अमेरिकन तरुणी विष्णु निंबकर या मराठी गृहस्थांशीं विवाह करून इकडे आली आणि कमला निंबकर झाली. पुढें प्रौढ वयांत अमेरिकेस परत जाऊन तिनें ऑक्युपेशनल थेरपीचें शिक्षण घेतलें आणि १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्या विद्येची शाळा काढली. भारतांतलीच नव्हे, आशियांतली ती पहिली. १९५२ सालीं या विद्येचा जागतिक संघ स्थापन झाला, तेव्हां त्याच्या दहा संस्थापक देशांत हिंदुस्थान होता. फलटणचें 'कमला निंबकर बालभवन' हें नांव ज्या वाचकांस ठाऊक आहे त्यांस तें याच बाईंचें नांव आहे, हें बहुधा माहीत नसेल. या विद्येचें सूत्र एका वाक्यांत सांगावयाचें तर, रोग्याच्या स्वतःच्या आयुष्यांतलें काम हेंच त्याचें औषध. ज्यानें जन्मांत कधीं टेनिस पाहिलें नाहीं त्याला पडद्यावर टेनिस खेळावयास लावणें हें या सूत्रांत बसत नाहीं.

दुसऱ्या दुपारीं याचाच पडताळा आला. बाई आजींस फळांविषयीं न विचारतां घराविषयीं विचारूं लागल्या. ताक घरीं कोण करतें? रवी कोणत्या हातानें धरतां? कळण्याच्या भाकरीचें पीठ कसें मळतां? आजींचा लुळा हात मांडीवर पडला होता, त्याच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "हाऊ मना हात नही शे!" हें नुसतें वैतागाचें बोलणें नव्हे. मेंदूच्या उजव्या भागास इजा झाली असतां डाव्या अंगाची जाणीवच हरपते, आणि माणसास तो हात खरोखरच परका वाटूं लागतो. बाईंनीं एक वाळलें लांकडी दांडकें आणून आजींच्या दोन्ही मुठींत दिलें, आपले हात त्यांवर ठेवले, आणि रवीच्या दोरीसारखें पुढेंमागें करविलें. धड हाललें नाहीं. खांदा कानाकडे गेला नाहीं. आजी मनांत कांहीं मोजीत होत्या. आमच्या विद्यार्थ्यानें फळांचें झाड त्याच क्षणीं खोडलें.

त्यानंतर तो जें रचूं लागला त्यांत पडद्यावर ताकाचा डेरा आहे. हात पुढेंमागें झाला कीं रवी फिरते आणि हळूहळू लोणी वर येतें. धड कललें तर भोंगा नाहीं. रवी फक्त थांबते. कॅमेरा समोर न ठेवतां बाजूस ठेवला आहे, म्हणजे हात किती पुढें गेला तें त्यास दिसतें. खेळ चालू असतां थेरपिस्टचा हात मध्यें आला तर यंत्रानें गोंधळूं नये, यासाठीं रोग्याच्या मनगटावर रंगीत पट्टी बांधावयाची. थेरपिस्टनें पाहावयाचें पान निराळें आहे. त्यावर गुण नाहींत. आज किती आवृत्त्या झाल्या, कोपर किती अंश उघडलें आणि धड किती वेळां मदतीस धांवलें, इतकेंच. बाईंचें म्हणणें असें, कीं याहून अधिक आंकडे दिलेत तर मी आंकडे पाहत बसेन आणि आजींकडे पाहणार नाहीं.

यंत्राच्या भाषेचा प्रश्न मात्र सुटलेला नाहीं, आणि आमच्या मतें तो सर्वांत बिकट आहे. सहज-संवादी यंत्रानें बोलावें आणि बोलणें समजून घ्यावें अशी अपेक्षा असते. पुस्तकी मराठी यंत्रास आतां बरीच समजते. पण धुळें-जळगांवकडील म्हातारी माणसें दुखण्यांत अहिराणी बोलतात. २०११ च्या जनगणनेंत खानदेशी बोलणारे अठरा लाखांहून अधिक नोंदले आहेत. परंतु घटनेच्या आठव्या परिशिष्टांत ही भाषा नाहीं, आणि यंत्रास भाषा शिकविणारे बहुधा त्या परिशिष्टाकडे पाहूनच कामास लागतात. "हात वर उचला" असें शुद्ध मराठींत यंत्र म्हणालें कीं आजी सरकारी कचेरींत उभ्या राहिल्यासारख्या ताठ होतात. तेंच नातीच्या आवाजांत अहिराणींत ऐकविलें तर हात निघतो. म्हणून सध्यां आज्ञा नातीच्या आवाजांत भरून ठेवल्या आहेत. ही युक्ति एका घरापुरती ठीक. तालुक्यास कशी पुरावी?

घरांतल्या मंडळींस दोन शब्द सांगणें आम्हांस आवश्यक वाटतें. आपलें घर म्हणजे उपचारगृह नव्हे. कॅमेऱ्यासमोर चार मोकळ्या हात जागेची गरज असते, आणि आपल्या माजघरांतून दर दोन मिनिटांनीं कोणी तरी जातें. प्रत्येक जाणारा-येणारा यंत्रास दुसरा रोगीच वाटतो. पूर्वींच्या अवरक्त किरणांच्या यंत्रांस तर सूर्यप्रकाश वर्ज्यच होता. खानदेशी उन्हाळ्याची तिरीप खिडकींतून आली कीं तें आंधळें होई. कॅमेरा स्नानानंतर, अर्धवट कपड्यांत व्यायाम करणाऱ्या वडील माणसाकडे रोखलेला असतो, तेव्हां तें चित्र कोठें साठतें आणि कोण पाहतो, हें विकणाऱ्यास रोखठोक विचारावें. 'सर्व कांहीं सुरक्षित आहे' या उत्तरानें समाधान मानूं नये. चित्र फोनांतच राहतें कीं बाहेर जातें, एवढा एकच प्रश्न विचारावा. आमच्या ओळखीच्या एका घरीं हजारों रुपयांचें असलें यंत्र विकत आणलें गेलें, आणि त्याच आठवड्यांत घरीं येणाऱ्या थेरपिस्टचें येणें 'आतां यंत्र आहे' म्हणून बंद केलें. दोन महिन्यांनीं हात पूर्वींपेक्षां अधिक आंखडला. यंत्र त्यांनीं कपाटावर ठेवलें आहे.

कंपन्यांच्या भरंवशावर राहूं नये हेंहि येथेंच सांगितलेलें बरें. किनेक्टवर विसंबून जगभर कितीतरी थेरपिस्टांनीं कष्टानें व्यायाम रचले होते. खेळणें म्हणून त्याचा खप ओसरला, आणि २०१७ सालीं मायक्रोसॉफ्टनें तें बनविणेंच थांबविलें. पुढें निघालेला त्याचा सुधारलेला भाऊबंदहि २०२३ सालीं बंद झाला. रोग्याच्या हिताशीं त्या निर्णयाचा कांहीं संबंध नव्हता, कारण तें यंत्र रोग्यांसाठीं नव्हतेंच. उद्यां मोबाइलांतल्या युक्तीचेंहि असें होऊं शकतें. व्यायामाची रचना, म्हणजे किती अंश, किती वेळां, कोणती चुकीची हालचाल टाळावयाची, ही थेरपिस्टच्या वहींत साध्या अक्षरांत लिहिलेली असली, तर यंत्र गेलें तरी विद्या जात नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें बाईंच्या सांगण्यावरून तशी एक वही केली आहे. यंत्र त्या वहीबरहुकूम चालतें. वही यंत्राबरहुकूम चालत नाहीं.

वहींत बाईंनीं केलेल्या मागण्यांची संख्या आतां एकोणीस झाली आहे. त्यांतील बहुतेक पुऱ्या झाल्या, कांहीं अर्धवट आहेत. शेवटची मागणी अशी, कीं आजी "राहू दे माय" म्हणाल्या म्हणजे यंत्रानें तत्काळ थांबावें, आणि त्या नुसत्या उसासल्या तर थांबूं नये. हा भेद यंत्रास अद्याप साधलेला नाहीं. तोंवर बाई आजींच्या उजव्या बाजूस स्टूल घेऊन बसतात आणि थांबविण्याची कळ आपल्या हातांत ठेवतात.